मदत हवी आहे : साबातिए सुरी मागवू का?

ताई फ्रान्समध्ये लियोंला असते, दिवाळीत येतेय. तिच्याकडून तिएरची (सुऱ्यांसाठी प्रसिद्ध फ्रेंच गाव) साबातिए सुरी मागवायचा विचार आहे, स्वयंपाकघरासाठी, कार्बन स्टीलची (स्टेनलेस नव्हे, गंजू शकणारं पोलाद). एकांकडे जुनी हाताळली होती. पातं आणि मुठीजवळचा जाड भाग एकाच पोलादातून ठोकून घडवलेला, पुढे निमुळतं होत गेलेलं टोक. पिकलेला टोमॅटोसुद्धा न चेपता चिरला. पण साबातिए हे नाव एका कंपनीचं नाही, बरेच कारखाने ते लावतात. मग चांगला माल ओळखायचा कसा? कैरी-लिंबाने पातं काळं पडतं, त्याचं काही नाही. पण आमच्या चिपळूणच्या पावसाळ्यात गंजाचं काय? कोकणात कोणी वापरतंय का? तेल कोणतं लावता? धार घरीच दगडावर काढता का? (नारळाला कोयता आहे, काळजी नसावी!)