शेजाऱ्याचं घर टोळीने बळकावलंय, हे ओळखायचं कसं?

प्रश्न: इथे ब्रिटनमध्ये आमच्या शेजारी मानसिक आजाराची औषधं घेणारे गृहस्थ एकटे राहतात. हल्ली त्यांच्याकडे अनोळखी पोरांचा मुक्काम असतो. विचारलं की "मित्र आहेत" म्हणतात. हे कुकूइंग, म्हणजे टोळीने एकट्या माणसाचं घर बळकावणं, असेल का?

उत्तर 1: कुकू हा कोकिळेच्या कुळातला पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, त्यावरूनच हे नाव पडलं. अमली पदार्थ विकायला टोळीला दुसऱ्याच्या नावावरचं घर हवं असतं. नुसत्या गोंगाटावर जाऊ नका, असं घर कधीकधी अगदी शांत असतं. दार कोण उघडतं ते बघा. बेल वाजवल्यावर दुसराच कुणी फटीतून "झोपलेत ते" म्हणतो, किल्ली त्याच्याच खिशात असते, आणि गृहस्थ बाहेर दिसलेच तर सोबतीला कुणीतरी असतंच. शिवाय रात्री-अपरात्री दोन-पाच मिनिटांत येऊन जाणारी माणसं, दिवसाही ओढलेले पडदे, बदललेलं कुलूप. एकच खूण पुरेशी नाही, तीन-चार जुळल्या की कळवा.

उत्तर 2: घरात जाणाऱ्या नर्स किंवा मदतनीसाला आणखी दिसतं. मालक सोफ्यावर झोपतो आणि बेडरूम बंद, फ्रिज रिकामा, टीव्ही गायब. टेबलावर छोटा डिजिटल वजनकाटा, चिमुकल्या प्लॅस्टिक पिशव्या, चार-पाच स्वस्त फोन. डॉक्टरांच्या भेटी चुकू लागणं ही तर फार लवकर दिसणारी खूण, पण तिच्याकडे आळस म्हणून बघितलं जातं. आणि "मित्र आहेत" हे उत्तर भीतीपोटी असतं, तसंच एकटेपणापोटीही. सुरुवातीला ती पोरं खरोखरच सोबत देतात, सिगारेटी देतात. मग त्याचंच कर्ज म्हणून सांगतात.

प्रश्नकर्ता: त्यांनी तक्रारच केली नाही तर? पोलीस त्यांनाच घराबाहेर काढतील ही धास्ती वाटते.

उत्तर 1: तक्रार त्यांनीच करायला हवी असं नाही. जिवाला धोका दिसला तर पोलिसांना 999, एरवी 101; नाव द्यायचं नसेल तर निनावी माहिती घेणारी क्राइमस्टॉपर्स संस्था, 0800 555 111. सोबत कौन्सिलच्या प्रौढ संरक्षण विभागालाही कळवा, नाहीतर प्रकरण नुसतं गुन्ह्याचं होऊन बसतं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवा. पोरांना जाब विचारू नका, राग त्या गृहस्थांवर निघतो.

उत्तर 3: घराबाहेर काढण्याबद्दल: इंग्लंड आणि वेल्समध्ये 2014 च्या समाजविघातक वर्तनाविरुद्धच्या कायद्याने कोर्ट घर 3 महिन्यांपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश देऊ शकतं, मुदत वाढवून जास्तीत जास्त 6. तो पूर्ण असला तर मालकालाही बाहेर पडावं लागू शकतं. अंशतः आदेशात मालक घरातच राहतो आणि इतरांना प्रवेशबंदी होते. कळवताना ते पीडित आहेत हे स्पष्ट लिहा आणि अंशतः आदेशाचा विचार व्हावा असं आवर्जून सांगा. नंतर कुलूप आणि फोन नंबर दोन्ही बदलायला हवेत. नंबर तोच राहिला तर तीच टोळी परत गाठते.