विषय: आईच्या ओट्याला कोणता दगड घालावा?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर पाच आठवडे पुण्याला जाते आहे. त्यातले पहिले दोन आईच्या स्वयंपाकघरासाठी राखून ठेवलेत. घर कोथरूडला, १९८६ सालचं, आणि ओटा अजून पहिलाच, कडप्प्याचा. सिंकच्या डाव्या अंगाला आई इतकी वर्षं लिंबं पिळते, चिंच कोळते. तिथला दगड आता एवढा खरखरीत झालाय की फडकं अडकतं. भिंतीलगत एक भेग आहे, तीत पाणी मुरतं आणि रात्री दिवा लावला की तिथूनच झुरळं पळतात. आई ७४ वर्षांची आहे. रोज झोपण्याआधी ती भेग टूथब्रशने घासते. मला ते बघवत नाही.

फर्निचरवाल्याने पांढऱ्या क्वार्ट्झचा, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या दगडाचा, भाव दिलाय, "हल्ली सगळे हेच घेतात" म्हणून. बाबा म्हणतात ग्रॅनाइट घाला आणि मोकळे व्हा. स्टील आईला नको, हॉटेलात उभं राहिल्यासारखं वाटतं म्हणते. मला एवढंच हवंय की तिच्या हातात परत तो ब्रश येऊ नये. कोणी गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या घरी काम करून घेतलं असेल तर कृपया सांगा.

(आइंडहोवन)

*

ताई, क्वार्ट्झला होकार देण्याआधी आमचं ऐका.

सहकारनगरला सासूबाईंकडे तीन वर्षांपूर्वी पांढरा क्वार्ट्झ बसवला. दिसायला फार सुंदर, पाणी शोषत नाही, हेही खरं. पण महिन्याभरातच त्यांनी भाजीची लोखंडी कढई शेगडीवरून उतरवून ओट्यावर ठेवली, आयुष्यभर ठेवत आल्या तशीच. पिवळसर तपकिरी गोल उमटला तो कायमचा. दुकानदार म्हणाला, उष्णतेचे डाग वॉरंटीत येत नाहीत. हळदही लगेच पुसली तर निघते, रात्रभर राहिली तर झाक राहते. आता ओट्यावर चार ठिकाणी लाकडी चकत्या ठेवल्यात आणि सासूबाई स्वतःच्याच स्वयंपाकघरात धास्तावून वावरतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण आग्रह माझा होता.

(लेस्टर)

*

नमस्कार,

दोन्ही मेल वाचल्या. मी सिव्हिलचा माणूस, नोकरीची बरीच वर्षं दगड आणि काँक्रीट यांतच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईंना आधी हे सांगा की दगड त्यांच्या घासण्याने खराब झालेला नाही. कडप्पा हा चुनखडक. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर यांतलं आम्ल ते थोडं थोडं विरघळवतं. वरची गुळगुळीत कातडी गेली की बारीक खळगे उरतात आणि त्यांत तेलकट मळ बसतो. शहाबादी फरशी त्याच कुळातली. संगमरवरही तसाच, मग तो मकराण्याचा का असेना. आपल्याकडच्या आंबट स्वयंपाकापुढे यांतलं काहीच टिकत नाही.

ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. त्यातल्या नैसर्गिक क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या खनिजांवर घरातल्या आम्लांचा काही परिणाम होत नाही. मोहच्या १ ते १० च्या मापात कठीणपणा ६ ते ७, संगमरवराचा ३ च्या आसपास. सुरी ग्रॅनाइटवर घासली तर बोथट सुरी होईल, दगड नाही. गरम कढई तो सहज सोसतो. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो पुष्कळदा भूशास्त्राच्या भाषेत डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. त्यात फसवणूक झाली असं मानू नका. चांगला काळा दगड जास्त घट्ट असतो आणि पाणी कमी पितो. फिकट, मोठ्या दाण्याचे दगड मात्र तेल पितात, त्यांना तेल-पाणी रोखणारा सीलर लावत राहावं लागतं.

खरी फसवणूक रंगात होते. करड्या दगडाला काळा रंग पाजून विकतात. कापसावर नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन घेऊन घासा. कापूस काळा झाला की दुकानातून बाहेर पडा. आणखी दोन परीक्षा: पाण्याचा थेंब पंधरा मिनिटं राहू द्या, खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितोय. लिंबाचा थेंबही तसाच ठेवा, पुसल्यावर निस्तेज ठिपका राहिला तर त्यात चुना आहे.

क्वार्ट्झबद्दल ताईंनी लिहिलं ते बरोबर. वजनाने ९० टक्क्यांच्या वर दगडाची पूड आणि उरलेली राळ. ती राळ १५० अंशांच्या आसपास बिघडू लागते आणि फोडणीचं तेल सहज त्याच्या पुढे जातं. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती कापणाऱ्या माणसाची. त्या पुडीत सिलिका हे खनिज भरपूर असतं, आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हा कृत्रिम दगड बनवायला, विकायला आणि बसवायला बंदी घातली ती याचसाठी. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतं, प्रमाण बरंच कमी. म्हणून कापकाम दुकानातच, पाणी सोडून करून घ्या. मापं आधी पक्की द्या, म्हणजे बाल्कनीत कोणी तोंडाला रुमाल बांधून कोरडा ग्राइंडर फिरवणार नाही.

स्टील घ्यायचं झालं तर ३०४ ग्रेडचंच. लोहचुंबक लावून काही कळत नाही, हलकं २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. नॅनो व्हाइट म्हणून जे चकचकीत पांढरं मिळतं ते काचेच्या जातीचं, टवका उडाला की दुरुस्ती अवघड.

आता स्वच्छतेचं. झुरळ दगडातून येत नाही, फटीतून येतं. शक्यतो एकच सलग लादी घ्या. सांधा द्यावाच लागला तर सिंकपासून लांब द्या आणि इपॉक्सीने भरा. लादी आधी बसवा, भिंतीच्या टाइल्स तिच्यावर उतरू द्या आणि त्या कोपऱ्यात सिलिकॉन भरा. नुसतं पांढरं सिमेंट भरलं तर वर्षभरात तडा जाईल आणि टूथब्रश परत येईल. पुढच्या काठाच्या खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे ओघळ तिथेच गळून पडतो, कपाटाच्या दारात शिरत नाही. सिंकच्या खाचेचे कोपरे गोल ठेवा. काटकोनातून तडा सुरू होतो.

पाणी कुठलं येतं तेही बघा. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, पण सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं मिसळत असेल तर काळ्या दगडावर पांढरे क्षार दिसणार. ग्रॅनाइटवर ते पातळ व्हिनेगरने निघतात. खालचे कप्पे कडप्प्याचेच असतील तर तिथे व्हिनेगर नको.

(स्टुटगार्ट)

*

काका, ताई, मनापासून आभार. हे कोथरूडहून लिहिते आहे.

कात्रज-कोंढवा रस्त्यावर आईला घेऊन दोन दिवस फिरले. तुमची मेल छापून बरोबर नेली होती. पहिल्याच दुकानात कापूस काळा झाला. दुसरीकडचे तीन तुकडे घरी आणले. आईने रात्री त्यांवर तेल, हळद आणि चिंचेचा कोळ ठेवला आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसलं. दोन काळे तुकडे जसेच्या तसे राहिले, फिकट करड्यावर तेलाचं वर्तुळ उमटलं. काळ्यांतला अजिबात डिझाइन नसलेला तिने घेतला. तिला कणकेचा कण न् कण दिसायला हवा होता.

कापकाम दुकानातच झालं. मिस्त्रींनी सुरुवातीला कुरकुर केली, मग मापं घ्यायला स्वतः दोनदा आले. एक गोष्ट तुम्ही लिहिली नव्हती, ती आम्हाला ऐनवेळी सुचली. जुना ओटा ३४ इंच उंच होता आणि आई जेमतेम ४ फूट १० इंच. पोळ्या लाटताना तिचे खांदे वर जायचे, आणि आम्ही इतकी वर्षं खांदेदुखीवर तेल चोळत होतो. नवा ओटा ३१ इंचावर घेतलाय.

जुन्या कडप्प्याचा चांगला राहिलेला तुकडा आईने टाकू दिला नाही. तो बाल्कनीत कुंड्यांखाली गेला.

सिलिकॉन भरून झालंय, उद्या सकाळपर्यंत पाणी लागू द्यायचं नाही. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी पाठवली आहे. आई मात्र तिसऱ्यांदा ओट्याशी जाऊन काठावरून हात फिरवून आली.