सल्ला हवा: सदाशिव पेठेतले घरांचे पत्ते ओपनस्ट्रीटमॅपवर टाकायचे आहेत. फोन, ॲप काय घेऊ? (बजेट ५,०००)

अनुराधा_पेठ३० | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. पेरुगेट ते भिकारदास मारुती या टापूत माझी घरपोच डब्यांची सेवा आहे. रोजचे साधारण साठ डबे, त्यात निम्म्याहून जास्त एकटे राहणारे ज्येष्ठ. डबे पोचवणारी मुलं तीन-चार महिन्यांनी बदलतात आणि प्रत्येक नव्या मुलासोबत पहिले आठ दिवस मला स्वतःला फिरावं लागतं. कारण पत्ता असतो तो असा: नंबर, सदाशिव पेठ, अमुक मंगल कार्यालयाच्या मागे. ते कार्यालय पाडून तीन वर्षं झाली. नंबर बघावा, तर समोरासमोरच्या दोन दारांत साठाचा फरक.

मुलं फोनवर फुकटचा ऑफलाइन नकाशा वापरतात. तो ओपनस्ट्रीटमॅपवरून बनतो आणि तिथे कुणालाही भर घालता येते, एवढं मला कळलंय. आमच्या भागात त्यात रस्ते आहेत, देवळं आहेत, पण घरांचे नंबर जवळजवळ नाहीतच. साधारण १४० इमारतींचे टाकायचेत. हाताशी माझा चार वर्षांचा अँड्रॉइड फोन, मुलाचा लॅपटॉप आणि रविवारी दोन कॉलेजची मुलं. सगळं धरून ५,००० रुपये.

कोणतं ॲप, कोणतं यंत्र घेऊ? नंबर रस्त्याच्या नावापुढे लिहायचा की पेठेच्या? आणि "बेल बंद आहे, कडी वाजवा, आजींना कमी ऐकू येतं" हे तिथेच लिहिता येईल का?

---

मोशीकर | रात्री १०:०५

ताई, आधी फोन बदला. माझा ३८ हजारांचा आहे, जीपीएस उपग्रहांच्या एल१ आणि एल५ दोन्ही फ्रिक्वेन्सी घेतो. जुना फोन फक्त एल१ घेतो, त्यामुळे जागा हलत राहते. मी आमच्या अख्ख्या सोसायटीचे सगळे विंग, गेट, पार्किंग टाकलंय, एक मीटर इकडचं तिकडे नाही. पाच हजारांत काही होणार नाही, स्पष्टच सांगतो.

---

खजिनाविहीर | रात्री १०:३१

मोशीत इमारतींमध्ये मोकळी जागा आहे हो. पेठेतल्या बोळात कुठलाही फोन आणा, उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो. मी माझ्या स्वतःच्या उंबऱ्यात उभा असताना फोन मला शेजारच्या वाड्याच्या हौदात दाखवतो. आणि हा फोन मुलीने मुद्दाम महागातला पाठवलाय.

पेठेत जीपीएसच्या मागे लागू नका. विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेलं चित्र नकाशाच्या एडिटरमध्ये मागे दिसतं. त्यावरून इमारतीची कड काढा आणि कोपऱ्यापासून दारं मोजत नंबर टाका. फक्त ते चित्रही कधी कधी दोन-चार मीटर सरकलेलं असतं. आधी रस्ते त्याच्यावर नीट बसतायत का ते बघा, नाहीतर सगळी घरं रस्त्यात येतील.

---

गुळपोळी | रात्री १०:५०

फोनबद्दल मोशीकरांना +१. पण मी म्हणेन ३६० अंशांचा कॅमेरा घ्या. आमच्या ह्यांनी ३१ हजारांचा घेतला, हेल्मेटवर लावतात. बावधनला एका सकाळीत आमची पूर्ण कॉलनी झाली. फोटो मॅपिलरीवर, म्हणजे रस्त्यांचे फोटो जमवणाऱ्या साइटवर टाकायचे, चेहरे आणि गाड्यांचे नंबर तिथे आपोआप पुसट होतात. मग घरी बसून पाट्या वाचायच्या, उन्हात फिरायला नको.

---

खजिनाविहीर | रात्री १०:५८

पेठेत पाट्या बोळाच्या आत, जिन्याच्या तोंडाशी असतात आणि पुढे चार स्कूटर. हेल्मेटवरून काय दिसणार?

---

टेकडीवरून | रात्री ११:१५

हे सगळं कशाला करताय? टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय. दहा अक्षरं, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन, अख्खा देश त्यात बसवलाय. प्रत्येक ग्राहकाचा डिजिपिन घ्या, मुलांना द्या, विषय संपला. मी घराच्या दारावर माझा डिजिपिन लावूनसुद्धा टाकलाय.

---

नकाशावेडा | रात्री ११:४०

डिजिपिन अक्षांश-रेखांशावरून गणिताने निघतो. तो जागा सांगतो. त्या जागेवर कुठलं दार आहे, पाटीवर काय लिहिलंय, जिना डावीकडे की उजवीकडे, हे त्याला माहीत नसतं. आणि वर खजिनाविहीर म्हणाले तसा फोन हौदात दाखवत असेल, तर डिजिपिनही हौदाचाच निघेल. माणसं पत्ता विचारताना नंबर आणि नाव विचारतात. तेच नकाशात नसणं ही खरी अडचण आहे.

अनुराधाताई, ॲप 'एव्हरी डोअर' घ्या, फुकट आहे. त्यात इमारती आणि दारं यांचा वेगळा कप्पा आहे, चालत चालत नंबर भरता येतात. 'स्ट्रीटकम्प्लीट' सगळे सुचवतील. तेही चांगलं आहे, पण ते नंबर विचारतं फक्त आधीच काढलेल्या इमारतींचे. पेठेत कित्येक ठिकाणी पाच-सहा वाड्यांचा मिळून एकच ठोकळा काढलेला आहे, तिथे ते गप्प बसेल. म्हणजे लॅपटॉपवर आधी ठोकळे तोडा, मग बाहेर पडा.

---

टेकडीवरून | रात्री ११:५२

पिनकोडही सुरुवातीला लोकांना आकड्यांची कटकटच वाटला असेल. १९७२ साली १५ ऑगस्टला सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला, आपला मराठी माणूस. आज त्याच्याशिवाय पाकीट हलत नाही. डिजिपिनचंही तसंच होईल.

---

रानवारा | रविवार, सकाळी ७:२०

एवढा खल कशाला, गुगलच्या नकाशात बघून बघून उतरवा. एका संध्याकाळचं काम.

---

नकाशावेडा | सकाळी ७:४५

कृपया हे करू नका. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती खुल्या परवान्याखाली असते, ती कुणीही नेऊन वापरावी म्हणून. दुसऱ्याच्या हक्काच्या नकाशातून उचललेली एक ओळही तिथे चालत नाही. माझ्या मित्राने उत्साहात असंच केलं होतं. लक्षात आल्यावर त्याची सगळी भर मागे घेतली गेली, त्यात त्याने स्वतः हिंडून आणलेली नावंही गेली. दारावरची पाटी तुम्ही वाचलीत, घरमालकाने तोंडाने सांगितलं, तर ते तुमचं. ते बिनधास्त टाका.

---

हिंगणेकर | सकाळी ९:१०

रस्ता की पेठ या प्रश्नाला अजून कुणी हातच लावलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी यात तोंडावर आपटलोय.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पत्त्याचे रकाने असतात. 'ॲडर:हाउसनंबर' म्हणजे घराचा नंबर, 'ॲडर:स्ट्रीट' म्हणजे ज्या रस्त्यावर नंबर लागतात तो रस्ता. ही मांडणी जिथून आली तिथे रस्त्याच्या एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम आकडे ओळीने जातात. व्हेस्पुचीसारखी ॲपं तर आधीचा नंबर बघून पुढचा सुचवतात. आपल्याकडे पेठेत नंबर रस्त्याचा नसतोच, तो पेठेचा असतो. नगर भूमापनाचा क्रमांक पेठवार पडलेला आहे, म्हणून बोळ वळला की आकडा उडी मारतो. टिळक रोडवरचं घर आणि आतल्या बोळातलं घर, दोन्ही "अमुक नंबर, सदाशिव पेठ"च.

यासाठी तिथे वेगळा रकाना आहे: 'ॲडर:प्लेस'. नंबर रस्त्याऐवजी वस्तीचा असेल, तर वस्तीचं नाव यात लिहायचं आणि स्ट्रीट रिकामा सोडायचा. मी कर्वेनगरला दोनशे इमारतींना स्ट्रीटमध्ये "हिंगणे बुद्रुक" लिहून बसलो. चुका शोधणारी जी साधनं आहेत त्यांनी सगळ्या लाल दाखवल्या, कारण त्या नावाचा रस्ता जवळपास नाहीच. शोधल्यावर घरं भलतीकडेच निघायची. दुरुस्त करायला दोन महिने गेले, तेही ऑफिसातून आल्यावर रात्री.

नाव नकाशात जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच लिहा. "सदाशिव पेठ" आणि "सदाशीव पेठ" संगणकाला दोन गावं वाटतात.

प्रभात रोडला मात्र उलट. तिथे गल्ली क्रमांकाने घर सापडतं, म्हणून तिथे स्ट्रीटच हवा. आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांत, नऱ्ह्याला वगैरे, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच पत्ता म्हणून चालतो. एका सर्व्हे नंबरात दहा-दहा सोसायट्या. तिथे इमारतीचं नावच कामाला येतं. पुण्याला एकच नियम लावायला जाऊ नका.

---

सावली७ | सकाळी ९:४०

तिसऱ्या प्रश्नाबद्दल कळकळीने सांगते. "आजी एकट्या, ऐकू येत नाही, कडी वाजवा" हे जगाला दिसणाऱ्या नकाशात कधीही लिहू नका. माझी आई एकटी राहते. पाटी वाचून आत शिरलेल्या माणसाने तिला "मी बँकेतून आलोय" म्हणून तासभर बसवून ठेवलं होतं. घरात कोण राहतं, त्यांचं नाव, वय, तब्येत, यातलं काहीच तिथे नको. इमारतीचं नाव, नंबर आणि दार एवढंच. बाकीच्या खुणा मुलांच्या फोनमध्ये खासगी बुकमार्क म्हणून ठेवता येतात, ते बाहेर जात नाहीत. मुलगा सोडून गेला की फोनमधून पुसून घ्या.

---

मोशीकर | सकाळी १०:०२

बुकमार्क ठीक. पण तेही एल५ असलेल्या फोनवर अचूक पडतात, हे लक्षात घ्या.

---

खजिनाविहीर | सकाळी १०:२०

हिंगणेकर, उत्तम लिहिलंत. फक्त नंबर मराठी आकड्यांत टाकायचा. पाटी मराठीत आहे, पेठ मराठी आहे.

नकाशावेडा: मुलं कीबोर्डवर इंग्रजी आकडे मारतात. शोधात सापडलं नाही तर उपयोग काय? इमारतीच्या नावाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने आहेत, तिथे मराठी भरपूर लिहा.

खजिनाविहीर: पाटीवर जे आहे तेच लिहायचं, हा तुमच्याच लोकांचा नियम ना?

गुळपोळी: बावधनला आम्ही इंग्रजीच टाकले. कॅमेऱ्यात स्पष्ट आले होते.

---

अनुराधा_पेठ३० | पुढचा रविवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल.

फोन घेतला नाही, कॅमेरा घेतला नाही. एव्हरी डोअर उतरवून घेतलं, पण पहिल्या दहा मिनिटांत पिशवीत ठेवलं. फोन हातात धरून दाराशी उभं राहिलं की लोक आतून विचारतात, "काय पाहिजे? कुठल्या कंपनीकडून?" म्हणून ओपनस्ट्रीटमॅपच्याच साइटवर 'शेअर'मधून आमच्या भागाचा नकाशा चित्र म्हणून काढला आणि झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदांवर सहा तुकड्यांत छापून आणला. ३४० रुपये झाले. पुठ्ठा, पेन्सिल, खोडरबर घरचंच. कागद पारावर पसरला, तर पाच मिनिटांत चार आजोबा वाकून बघायला लागले. एकाने नंबर सांगितला, दुसऱ्याने खोडला, तिसरा घरी जाऊन मिळकत पत्रिका घेऊन आला. फोनभोवती हे झालं नसतं.

आज ४१ दारं झाली. नंबर आधी टाका असं सगळे म्हणत होतात, मी आधी दार टाकलं. माझी मुलं अडतात ती दारापाशी. इमारत कुमठेकर रस्त्यावर दिसते, जिना मागच्या बोळातून असतो. म्हणून प्रत्येक इमारतीच्या कडेवर प्रवेशाचा ठिपका, आणि पत्ता त्या ठिपक्यावर. हिंगणेकरांचं 'प्लेस' तंतोतंत पाळलं. सावली, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. आजी-आजोबांबद्दलची एकही खूण त्यात नाही, ती माझ्या वहीत आहे.

जी गोष्ट कुणीच सांगितली नव्हती ती अशी. दोन ठिकाणी इमारतीच्या पोटातून आरपार जाणारे बोळ आहेत. आम्ही लहानपणापासून त्यातून जातो, नकाशात ते नव्हतेच. त्यामुळे ॲप मुलांना अख्खा वळसा घालून पाठवत होतं. मुलाने शोधून काढलं, त्यासाठी 'टनेल: बिल्डिंग पॅसेज' अशी नोंद असते. एक बोळ टाकला. दुसरा खासगी वाड्यातून जातो, मालकांना विचारून मगच टाकेन.

दोन नंबरांच्या पाट्या असलेल्या तीन इमारती निघाल्या, एक भूमापनाची, एक जुनी. ज्या नंबरावर टपाल येतं तो हाउसनंबरमध्ये घातला. दुसऱ्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. वाडा पडून अपार्टमेंट झालं असेल तिथे वाड्याचं नाव 'ओल्ड नेम'मध्ये घातलं, कारण आमचे ग्राहक अजून तेच सांगतात.

आकडे इंग्रजीत टाकले. खजिनाविहीर काका, रागावू नका. इमारतींची नावं सगळी मराठीत आहेत, इंग्रजी वेगळ्या रकान्यात.

---

नकाशावेडा | रात्री ९:१५

दार आधी टाकणं मला पटत नाही, दार उद्या बदलतं. पण बोळ शोधलात ते फार मोलाचं. मुलांच्या फोनमध्ये लगेच दिसणार नाही. ऑफलाइन ॲपचा नकाशा काही आठवड्यांनी नवा येतो, तो पुन्हा उतरवून घ्यायला सांगा.

---

मोशीकर | रात्री ९:२२

कागदावरून उतरवताना चूक झाली तर? म्हणून फोन.

---

खजिनाविहीर | रात्री ९:४०

रागावलो नाही. आमच्या बाजूच्या वाड्याचं जुनं नाव तुम्ही ऱ्हस्व लिहिलंय, ते दीर्घ आहे. भिंतीत कोरलेली पाटी अजून आहे, रंगाखाली गेलीय. पुढच्या रविवारी कागद घेऊन या, दाखवतो.

---

अनुराधा_पेठ३० | रात्री ९:४४

साडेसातला येते. दुसऱ्या बोळाचे मालक तुमच्या ओळखीचे आहेत का?