कूस बदलली की चक्कर: कॉलर झाली, गोळ्या झाल्या, आता एमआरआय करायचा का?

निळी_छत्री
आईचं वय ६८. दीड महिन्यापासून अंथरुणात उजव्या कुशीवर वळली की घर गरगर फिरतं. अर्ध्या मिनिटात थांबतं, पण मळमळ तासभर राहते. डावीकडे वळल्यावरही चक्कर येते, जरा कमी. एरवी बसताना-चालताना ठीक. ऐकू नीट येतं, कानात आवाज नाही. मानेच्या एक्स-रेत स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) निघाला म्हणून कॉलर दिली. चक्करेच्या गोळ्या चालू: बीटाहिस्टीन १६ मिग्रॅ दिवसातून तीनदा, जोडीला सिनॅरिझिन. फरक शून्य. व्हिडिओ बघून उजव्या बाजूचं एप्ली (डोकं ठराविक क्रमाने वळवून चक्कर घालवायची कृती) केलं, तेही फुकट गेलं. आता एमआरआय सांगितलाय. करावा का?

कानाकोपरा
साठीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, मणके झिजलेले दिसणारच. त्यावरून चक्करेचं निदान होत नाही. कॉलर काढून ठेवा, तिने मान आणखी आखडते.

वर्णनावरून हा बीपीपीव्ही वाटतो, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी कानातली चक्कर. आतल्या कानातल्या युट्रिकल नावाच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात. ते सुटून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांपैकी एकीत घरंगळले, की डोकं हलल्यावर कण सरकतात, त्यांच्या ओढीने नळीतला द्रवही हलतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कण खाली बसले की चक्कर थांबते, म्हणून ती मिनिटाच्या आत संपते. कण गोळीने जागेवर जात नाहीत. सिनॅरिझिन फक्त मेंदूची तक्रार दाबतं, आणि या वयात महिनोन्महिने घेतलं तर हात थरथरणं, चाल मंदावणं असे पार्किन्सनसारखे त्रास होऊ शकतात. डॉक्टरांना विचारून ते बंद करा. तपासणीच्या आधीचे दोन दिवस तरी नको, नाहीतर डोळ्यांतली खूण पुसली जाते.

निदान डोळ्यांवरून होतं. डिक्स-हॉलपाइक चाचणीत मान ४५ अंश एका बाजूला वळवून पेशंटला झटकन उताणं झोपवतात, डोकं कडेवरून २० अंश खाली. मागच्या नळीत कण असतील तर दोन-पाच सेकंद काहीच होत नाही, मग बुबुळं कपाळाकडे आणि खालच्या कानाकडे गोल झटके देतात. उठवल्यावर झटके उलट दिशेने. बहुतेकांना कण याच नळीत असतात आणि एप्ली त्याच नळीसाठी आहे. पण तुमच्या आईंना दोन्ही कुशींवर चक्कर येते, म्हणून मला आडव्या नळीची शंका येते. त्यात एप्लीचा उपयोग नाही. उताणं झोपवून उशीने डोकं ३० अंश वर ठेवा, मग डोकं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ९० अंश वळवा. दोन्ही वेळी डोळ्यांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डोळे मिटू देऊ नका.

तोलमोल_फिजिओ
शंका बरोबर वाटते, पण एप्ली फसण्याचं कारण पुष्कळदा पद्धतीतच असतं, म्हणून तेही लिहून ठेवतो. उजव्या कानासाठी: पलंगावर पाय पसरून बसवायचं, उशी अशी की झोपल्यावर ती खांद्यांखाली येईल, डोक्याखाली नाही. मान ४५ अंश उजवीकडे, झटकन मागे. चक्कर थांबल्यावर आणखी ३० सेकंद. मग डोकं न उचलता ९० अंश डावीकडे, पुन्हा ३० सेकंद. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि नाक गादीकडे. ही पायरी लोक अर्धवट करतात, नाक भिंतीकडेच राहतं, आणि कण नळीच्या तोंडाशी येऊन परत फिरतात. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून त्याच बाजूने उठायचं. उठल्या क्षणी काहींचा तोल एकदम जातो, म्हणून दोन्ही खांदे धरून मिनिटभर बसवा.

मानेचा संधिवात, अलीकडे डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया किंवा मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल तर घरी करू नका. आणि नंतर दोन रात्री बसून झोपायला सांगतात त्याची गरज नाही.

रात्रपाळी
एमआरआयबद्दल. कूस बदलल्यावर अर्धा मिनिट चक्कर आणि बाकी सगळं व्यवस्थित, एवढ्यावर तो लागत नाही. मात्र बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, आधार देऊनही उभं राहता न येणं, कधी नव्हे एवढी डोकेदुखी किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात. छोट्या मेंदूच्या (तोल सांभाळणाऱ्या मागच्या भागाच्या) अटॅकमध्ये, म्हणजे स्ट्रोकमध्ये, पहिल्या दिवशी सीटी स्कॅन नॉर्मल येतो म्हणून घरी पाठवलेले पेशंट असतात. एमआरआयसुद्धा पहिल्या २४ ते ४८ तासांत चकवू शकतो.

एक आणखी बघा: पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना येणारी घेरी बीपीच्या गोळ्यांची असू शकते. अशी घेरी उभं राहताना येते, झोपून कूस बदलताना नाही.

निळी_छत्री
डॉक्टरांना विचारून सिनॅरिझिन बंद केलं, दोन दिवसांनी व्हिडिओ घेतला. उजवीकडे वळवल्यावर बुबुळं जमिनीच्या दिशेने जोरात झटके देतात, डावीकडे वळवल्यावरही जमिनीकडेच, पण हळू. बीपी उभं राहून फक्त ६ ने उतरलं. कपाळ-हनुवटीच्या दिशेने वर-खाली किंवा गोल झटके नाहीत.

कानाकोपरा
मग आडवी नळी, बाजू उजवी. झटके जमिनीकडे असतील तर जोरदार बाजू आजारी. (आकाशाकडे असते तर उलट, हळू बाजू आजारी. तो प्रकार घरी हाताळू नका, आणि तो हटेना तर मग एमआरआयला अर्थ आहे.) हा व्हिडिओ जवळच्या कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा आणि पहिली खेप त्यांच्यासमोरच करा.

तोलमोल_फिजिओ
आडव्या नळीतले कण बाहेर काढायला दोन कृती आहेत. या वयात पालथं करून अख्खं अंग लोळवायची कृती त्रासाची पडते, गुफोनी नावाची सोपी. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा, मान सरळ. झटकन डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूवर आडवं करा, डोळे थांबल्यावर आणखी एक मिनिट. मग नाक ४५ अंश खाली गादीकडे वळवा, पटकन. दोन मिनिटं तसंच, मग सावकाश उठवा. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. त्या रात्री डाव्या कुशीवरच झोपवा, पाठीशी उशी लावून, म्हणजे झोपेत वळणार नाहीत. दुसऱ्या दिवशी कुशींची चाचणी परत घ्या. झटके गेले आणि तरी चालताना दोन-तीन आठवडे जरा हेलकावल्यासारखं वाटलं, तर त्यासाठी पुन्हा गुफोनी करू नका, ते आपोआप ओसरतं. व्हिटॅमिन डी तपासून घ्या. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर भरून काढा, वारंवार उलटणाऱ्यांत त्याचा फायदा दिसलाय.