डेटोना की सुपरबर्ड? संग्रहात एकच ठेवायची तर कोणती?

घाटवळण:
१९६९ची डॉज चार्जर डेटोना आणि १९७०ची प्लिमथ सुपरबर्ड. दोन्ही क्रायस्लरच्या, दोन्हींना टोकदार नाक आणि मागे उंच पंख. नासकारच्या (अमेरिकेतल्या स्टॉक-कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या) शर्यतीत उतरवायची गाडी गिऱ्हाइकांनाही विकावी लागे. १९६९ला त्यासाठी ५०० गाड्या पुरत होत्या, म्हणून डेटोना जेमतेम तेवढ्याच निघाल्या. पुढच्या वर्षी नियम कडक झाला आणि सुपरबर्ड १९००च्या वर बनवाव्या लागल्या. माझं मत डेटोनाला. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या शर्यतपट्ट्यावर बडी बेकरने ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला तो डेटोनातच. सुपरबर्ड मागाहून आली, तिच्याच वाटेवरून.

हेमीप्रेमी:
मागाहून आली म्हणून कमी कशी? नासकारचा नामांकित चालक रिचर्ड पेटी प्लिमथ सोडून फोर्डकडे गेला होता, त्याला परत आणलं ते या गाडीने. आणि १९७०ची 'डेटोना ५००' शर्यत कोणी जिंकली? पेटीच्याच संघाच्या सुपरबर्डमधून पीट हॅमिल्टनने!

घाटवळण:
शर्यतीचं मान्य. पण आपण घेणार ती रस्त्यावरची गाडी. मागच्या काचेभोवतीचं छत बघा. हवा सरळ जावी म्हणून दोन्ही गाड्यांत तिथे नवा पत्रा जोडलाय. डेटोनात ते जोड भरून, घासून वर रंग दिला. सुपरबर्डमध्ये तेवढी मेहनत वाचवायला वरून व्हायनिल (प्लास्टिकचं आवरण) चिकटवलं. त्याखाली पाणी मुरतं आणि पत्रा आतून खातं. काचेच्या कडेने बोट फिरवा. व्हायनिल फुगलेलं लागलं तर सौदा तिथेच थांबवा.

जुना_गॅरेजवाला:
गंज काढता येतो हो, बनावट गाडी गळ्यात पडली तर काय करणार? आधी चासी नंबर वाचा. डेटोनाचा एक्सएक्स२९ने सुरू होतो. साध्या चार्जर आर/टीचा एक्सएस२९ने. म्हणजे आर/टीला नाक-पंख लावून डेटोना केली असेल तर नंबरच सांगतो. सुपरबर्डचा आरएम२३ मात्र ती जिच्यावरून बनली त्या प्लिमथच्याच रोड रनर हार्डटॉपचाही असतो, त्यामुळे तिथे फसगत सोपी. पण पुढचं अक्षर यू असेल, म्हणजे एका चार-बॅरल (चार हवामार्गांच्या) कार्ब्युरेटरचं ४४० घन इंची इंजिन, तर निर्धास्त राहा. त्या वर्षी रोड रनरला ते इंजिन मिळतच नव्हतं. माझ्या मते शहाण्याने हीच घ्यावी: सगळ्यात साधी सुपरबर्ड.

घाटवळण:
नंबरचा मुद्दा बिनतोड आहे. तरी ४२६ हेमीवाल्या (अर्धगोल ज्वलनकक्षांच्या ४२६ घन इंची इंजिनाच्या) डेटोना ७०च निघाल्या, हेमी सुपरबर्ड त्याच्या जवळपास दुप्पट. दुर्मिळता बघायची तर मी डेटोनाच धरून बसणार.

हेमीप्रेमी:
नुसत्या बनल्या किती यावर जाऊ नका. सुपरबर्ड तेव्हा खपेनात. शोरूममध्ये पडून राहिल्या, आणि काही डीलरांनी नाक-पंख उतरवून त्या रोड रनर म्हणून विकल्या. अशी उघडी केलेली एखादी आरएम२३यू सापडली, कागदांसकट, तर मी डेटोनाकडे वळूनही बघणार नाही.