आकार, आकारमान की माप? थेंबाचं काय मोजतात?

पागोळी:
पावसाच्या थेंबांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'ड्रॉप साइझ डिस्ट्रिब्यूशन'वर (म्हणजे पावसात कोणत्या मापाचे किती थेंब असतात, यावर) अडले आहे. मी 'थेंबांच्या आकाराचे वितरण' लिहिलं होतं. संपादकांनी 'आकारमानाचे' केलं. आकारमान म्हणजे व्हॉल्यूम ना? इथे मोजतात तो व्यास. मार्शल आणि पामर यांचं १९४८चं सूत्र सांगतं की व्यास वाढतो तसे थेंब घातांकी रीतीने कमी होत जातात. पाऊस जोराचा असला की ही घट मंदावते, टपोऱ्या थेंबांचा वाटा वाढतो.

मास्तर४२:
आकारमान नकोच. वर्गात आम्ही ते घनफळासाठीच वापरलं. व्यास दुप्पट झाला की आकारमान आठपट! आणि पाऊस मापणाऱ्या रडारच्या हिशेबात तर व्यासाचा सहावा घात येतो, तिथे २ मिमीचा एक थेंब १ मिमीच्या ६४ थेंबांना भारी पडतो.

झिमझिम:
पण 'आकार'ही फसवा. मोठा थेंब गोल नसतोच, खालून चपटा होतो, पावासारखा. 'थेंबाचा आकार' वाचून मला तेच आठवतं. सरळ 'साइझ' लिहा. चपलेची साइझ विचारतोच की आपण.

ओवी:
चपलेचं मापही विचारतो, ताई. घरात शब्द असताना बाहेर कशाला जायचं?

पागोळी:
'माप' आवडलं. पण पुढे अलब्रिच यांचं १९८३चं गॅमा प्रतिमान, म्हणजे थेंबांच्या वितरणाचं दुसरं सूत्र, आहे. बारीक थेंबांच्या बाबतीत घातांकी सूत्र चुकतं, म्हणून या नव्या सूत्रात एक जादा प्राचल (बदलता येणारा आकडा) आहे, 'शेप पॅरामीटर'. हा आकार थेंबाचा नव्हे, आलेखाचा. सगळीकडे 'आकार' लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

जुनी_चाळण:
आमच्या घरी रव्याला साइझ नसायची, जाड आणि बारीक असायचा. थेंबही असेच मोजलेत! अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बेंटली यांनी १९०४ साली ताटात पीठ पसरून पावसात धरलं आणि थेंबांच्या गोळ्या वाळवून मोजल्या. पुढे लॉज आणि पार्सन्स यांनी १९४३ मध्ये अशा गोळ्या चाळण्यांतून चाळल्या. 'थेंबांचा जाडबारीकपणा' म्हणा.

मास्तर४२:
गोड आहे, पण समीकरणाखाली चालणार नाही. 'व्यासाचे वितरण' लिहा, वाद मिटला.

झिमझिम:
'वितरण'ही खटकतं. बातमीत 'पावसाचे असमान वितरण' म्हणजे या तालुक्यात पडला, त्या तालुक्यात नाही.

ओवी:
मग 'विखुरणी'? आणि बारीक थेंबाला आमच्याकडे 'टिपूस' म्हणतात, तोही घ्या.

जुनी_चाळण:
टिपूस डोळ्यातला! पावसाला कोण म्हणतं?

ओवी:
आम्ही म्हणतो. 'आभाळ भरलंय, पण टिपूस नाही.' मला वाटतं, 'टिपका'चंच भावंड आहे ते.

मास्तर४२:
मला ते 'टिपणे'वरून आलेलं वाटतं. बोटाने टिपता येईल तेवढंच पाणी, तो टिपूस.

पागोळी:
म्हणजे टिपूस हा थेंबाहून लहानच असतो का? कुणी सांगेल?