नवा प्लग टाकूनही मिसफायर? रबरी बूट आतून बघा

स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारे) बदलले की मिसफायर, म्हणजे ठिणगी चुकून इंजिनाला बसणारे झटके, जातो असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. माझ्या जुन्या गाडीत नवे प्लग टाकल्यावर दोन दिवस इंजिन मस्त चाललं आणि हवा जरा दमट झाली की परत झटके सुरू, चढावर तर फारच. शेवटी काढलेला प्लग उजेडात धरला तर पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ, आणि तशीच रेघ वायरच्या रबरी बुटाच्या (प्लगवर बसणाऱ्या टोपणाच्या) आतही! करंट त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूत उतरतो (‘अर्थ’ होतो), प्लगच्या टोकाच्या गॅपमध्ये ठिणगी पडतच नाही. बूट तोच ठेवला तर नवा प्लगही खराब होतो, त्यामुळे दोन्ही एकदमच बदला. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर करंट लीक होतो त्या जागी निळसर ठिणग्या बऱ्याचदा दिसतात, फक्त हात लांब ठेवा.